‘बॅड’ लिहायचं नाही

९ जानेवारी

ताई,

पत्र बघून दचकू नकोस. कोणी आजारी नाही, माझी नोकरी गेलेली नाही आणि मी गुपचूप लग्नही केलेलं नाही. फोन का नाही केला म्हणशील, तर फोनवर तू मला बोलू देत नाहीस. कागदावर निदान सहीपर्यंत माझंच चालेल.

काम आहे म्हणून लिहितोय. तू म्हणतेस तसा मी भिंगरी असेन, सहा वर्षांत पाच नोकऱ्या झाल्या असतील, पण या धुलाईच्या कारखान्यात मला अकरा महिने झाले आणि मी अजून पळालेलो नाही, याची कुठेतरी नोंद व्हायला हवी. इथे हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी येतात. धुतलेली ओली चादर दोघांनी दोन टोकांना धरायची आणि तापलेल्या लांबलचक रोलरमध्ये सोडायची. पलीकडून ती वाळून, इस्त्री होऊन, नव्या वहीच्या पानासारखी बाहेर येते. माझ्या जोडीला लंबू असतो. पन्नाशीचा आहे, इतका उंच की दार कितीही मोठं असलं तरी सवयीने वाकूनच आत येतो. सोळा वर्षं याच रोलरवर.

आता बातमी. आमचे मुकादम एप्रिलअखेर निवृत्त होतायत. त्यांच्या जागी आमच्यातलाच एक घेणार आणि तो कायम होणार. बाकीच्यांची कंत्राटं ३१ मेला संपतात. वाढवली तर वाढवली. मला कायम व्हायचंय, ताई. हसू नकोस. दर वर्षी नव्या गावात नवी खाट शोधायचा कंटाळा आलाय.

अडचण इंग्रजीची. शिफ्ट संपली की एका वहीत इंग्रजीत लिहायचं असतं: किती माल झाला, काय संपलं, काय बिघडलं. तोंडी सांगितलेलं ऑफिसात चालत नाही, वहीत असेल तेवढंच खरं. ऑफिसातल्या चष्मेवाल्या बाईंनी जाहीर केलंय की ज्याची वही वाचायला बरी वाटेल तो मुकादम. उमेदवार दोन. एक मी आणि दुसरा चिडीचूप, तो रोज फक्त ‘ओके’ लिहितो. मी आठवीतून उठलेला, तरी त्याच्यापेक्षा बरा. माझं बघ: ‘मशीन गुड. सोप फिनिश. बार बॅड. हँड विल गो.’ बार म्हणजे रोलरच्या पुढची आडवी पट्टी. हात फार आत गेला तर तिला धक्का लागतो आणि रोलर जागच्या जागी थांबतो. ती अधूनमधून अडकते. मी असं लिहिलं की सकाळी फिटर येऊन पट्टी उघडतो, साफ करतो, पंधरा दिवस ठीक जातात.

तू क्लास चालवतेस, जगाला इंग्रजी शिकवतेस. भावालाही शिकव.

भिंगरी

२१ जानेवारी

भिंगरी,

बसल्या जागी चार मिनिटं न हलता हे पत्र वाचशील अशी वेडी आशा ठेवून आशीर्वाद.

तुझं ‘हँड विल गो’ मी तुझ्या भावोजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, ‘झकास आहे, लगेच कळतं.’ त्यांना काय कळतंय! त्यांनी आयुष्यभर वीजबिलांवर शिक्के मारले. मला मात्र लाज वाटली. माझ्या क्लासच्या पाटीवर ‘गरीब शब्द सोडा, श्रीमंत शब्द जोडा’ असं ठसठशीत लिहिलंय आणि माझा सख्खा भाऊ दूरदेशी बसून ‘सोप फिनिश’ लिहितो.

आजपासून गुड, बॅड आणि व्हेरी हे तीन शब्द तुला बंद. ते शब्द नाहीत, कुबड्या आहेत. टायर्ड नाही म्हणायचं, एक्झॉस्टेड म्हणायचं. हंग्री नाही, स्टार्व्हिंग. हॅपी नाही, डिलाइटेड. अँग्री नाही, फ्युरिअस. आणि कुठली गोष्ट सुंदर दिसली तर मॅग्निफिसेंट. हे रोजच्या वापरातलेच शब्द आहेत, फक्त त्यांच्यात जीव आहे. वहीत घालायच्या आधी माणसांवर वापरून बघ. प्रत्येक शब्द दिवसातून तीनदा. आणि एक पक्कं लक्षात ठेव: एकच गोष्ट दोनदा त्याच शब्दांत सांगायची नाही. तो दरिद्रीपणा.

क्लास जोरात चालू आहे. खुर्च्या कमी पडतायत.

ताई

३ फेब्रुवारी

ताई,

तुझे पाचही शब्द माणसांवर वापरले. माणसं अजून जिवंत आहेत, पण माझ्यापासून जरा लांब उभी राहतात.

सोमवारी मुकादमांना म्हणालो, आय ॲम एक्झॉस्टेड. पूर्वी ‘व्हेरी टायर्ड’ म्हटलं की ते म्हणायचे, जा, चहा घेऊन ये. या वेळी त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला आणि मला घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरची चिठ्ठी आणल्याशिवाय आत घेईनात. मंगळवारी कँटीनवाल्या बाईंना म्हणालो, स्टार्व्हिंग. त्यांनी हातातला डाव खाली ठेवला आणि विचारलं, ‘किती दिवसांपासून?’ दुपारपर्यंत ऑफिसात बातमी पोचली होती की रोलरवरच्या एका कामगाराला जेवायला मिळत नाही. बुधवारी विचारणा झाली की रविवारी जादा कामाला कोण येईल. मी नेहमी ‘ओके’ म्हणतो, या वेळी ‘डिलाइटेड’ म्हणालो. आता दर रविवारी मलाच धरतात. ज्याला एवढा आनंद होतो त्याचा आनंद आपण का हिरावून घ्यावा, असं मुकादम म्हणतात. ट्रॉलीवाल्याला हळूच, अगदी प्रेमाने फ्युरिअस म्हणालो, तो चार दिवस बोलला नाही.

मॅग्निफिसेंट मात्र लागू पडला. चष्मेवाल्या बाई पाहणीला आल्या होत्या. मी चादरींच्या थप्पीकडे बोट दाखवून म्हणालो, मॅग्निफिसेंट. बाई थांबल्या. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि माझं नाव विचारलं. अकरा महिन्यांत पहिल्यांदा.

लंबू म्हणाला, ‘काय म्हणालास रे तिला?’ मी म्हणालो, ‘चादरी छान आहेत म्हणालो.’ तो म्हणाला, ‘सोळा वर्षं मी धुतोय, मला का नाही सुचलं?’ 

आता वहीवर ये. पट्टी पुन्हा अडकायला लागलीय. पण ‘बॅड’ तर तू बंद केलास. मग काय लिहू? अख्खं वाक्य करून पाठव. असं पाठव की बाईंनी खुर्चीत सरळ बसलं पाहिजे.

भिंगरी

१२ फेब्रुवारी

भिंगरी,

भावोजी तुझं पत्र वाचून सोफ्यावर आडवे झाले आणि अजून मधूनच ‘डिलाइटेड, डिलाइटेड’ करत घरभर फिरतायत. त्यांना मी फ्युरिअसचा अर्थ प्रत्यक्ष दाखवला.

तुझं चुकलं काय, तर तू शब्द दगडासारखे फेकलेस. श्रीमंत शब्द अलगद ठेवायचा असतो. लिहिणाऱ्याने ओरडायचं नाही, सुचवायचं. यंत्रालासुद्धा मन असल्यासारखं लिहिलं की वाक्य उंचावतं. घे, दोन तास बसून केलंय: ‘द सेफ्टी बार हॅज ऑफ लेट बिकम समव्हॉट रिलक्टंट.’ म्हणजे सुरक्षेची पट्टी अलीकडे काहीशी नाखूष असते. बघ, पट्टी रुसून बसल्यासारखी डोळ्यांसमोर येते की नाही? हे वाक्य मी क्लासमध्ये फळ्यावर लिहिलं आणि सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं.

पुढच्या वेळी तीच तक्रार करायची झाली तर मी सांगितलेलं आठव. वाक्य फिरवायचं.

ताई

१ मार्च

ताई,

बस. जिंकलो.

२४ फेब्रुवारीला तुझं वाक्य वहीत लिहिलं, एकेक अक्षर कोरून. दुसऱ्या दिवशी कामावर आलो तर नोटीस बोर्डासमोर ही गर्दी! मला वाटलं कोणाला काढलं. पुढे घुसून बघतो तर माझं पान. अख्ख्या पानाची मोठी प्रत, माझ्या वाक्याखाली हिरव्या शाईची रेघ, बाजूला बाईंच्या हातचं ‘ब्यूटिफुली पुट!’ आणि खाली त्यांची सही आणि तारीख. वर टाइप केलं होतं, वही कशी लिहावी याचा नमुना. चिडीचूप तिथेच उभा होता. इतका वेळ बघत राहिला की मला त्याची दया आली. मग म्हणाला, ‘ओके.’

मुकादमांनी मला त्यांच्या कपाटाची जागा दाखवली. म्हणाले, ‘एप्रिलनंतर यात तुझे डबे ठेव.’ आता तू सांग, हे नक्की झालं की नाही?

फिटर तेवढा अजून आलेला नाही. पण पान बोर्डावर लागलंय म्हणजे वाचलं तर सगळ्यांनीच. मी दोन दिवसांनी पुन्हा लिहिलं, तुझ्या नियमाने फिरवून, की पट्टीच्या वागणुकीत अपेक्षित सुधारणा दिसत नाही. त्यालाही हिरवी रेघ मिळाली.

लंबू रोज शिफ्ट संपताना विचारतो, ‘पट्टीचं लिहिलंस ना?’ त्याला इंग्रजी अक्षरही येत नाही. मी म्हणतो, लिहिलं. तो म्हणतो, ‘मग बास.’

भिंगरी

१० मार्च

माझ्या गुणी भावा,

आज तुला भिंगरी म्हणत नाही.

तुझं पत्र मी क्लासमध्ये उभी राहून वाचलं. टाळ्या झाल्या. मग बाहेर फलक लावला: ‘आमच्या विद्यार्थ्याचं वाक्य दूरदेशीच्या कारखान्यात नमुना म्हणून झळकलं!’ खाली ते वाक्य, लाल अक्षरांत. शेजारच्या शिंप्याने विचारलं, ‘बाई, हा ‘रील’क्टंट म्हणजे कसला दोरा?’ मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं.

आता थांबू नकोस. मुकादम व्हायचं तर कटू गोष्ट मऊ करून सांगता आली पाहिजे. पाच शब्द पाठवते: अनफॉर्च्युनेट, मायनर, इनकन्व्हीनियन्स, रिग्रेटेबल, टेम्पररी. यांनी जगातली कुठलीही वाईट बातमी सांगता येते आणि ऐकणाऱ्याचा चहासुद्धा गार होत नाही.

ताई

२९ मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. वाचून डिलाइटेड. इथे सर्व काही सुरळीत आहे. मागच्या आठवड्यात कामावर एक मायनर, काहीशी अनफॉर्च्युनेट घटना झाली. त्यामुळे थोडी टेम्पररी इनकन्व्हीनियन्स आहे. काळजीचं कारण नाही. मुकादमपदाचं जवळपास ठरल्यासारखं आहे. इथली हवा मॅग्निफिसेंट आहे.

भावोजींना नमस्कार. तुझी तब्येत जप.

तुझा भाऊ

६ एप्रिल

भिंगरी,

काय झालं?

तुझं पत्र आलं तेव्हा मी क्लासमध्ये होते. दारातच फोडलं. एका पत्रात सहा श्रीमंत शब्द, एकही चूक नाही, एकही टोमणा नाही, आणि शेवटी ‘तब्येत जप’! तू मला जन्मात कधी तब्येत जप म्हणाला नाहीस. चौथीत असताना माझ्या सायकलवरून पडून हनुवटी फोडून घेतलीस, तेव्हाही घरी येऊन ‘पडलो’ एवढंच म्हणाला होतास. ‘प्रिय ताई’ वाचूनच मी त्या दिवशीचा क्लास सोडला.

भावोजींना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, ‘यात बातमी कुठाय?’ 

मला मऊ शब्दांनी सांगू नकोस. ते शब्द मीच पाठवले होते, कशासाठी वापरतात ते मला माहीत आहे. फोनही उचलत नाहीस. तुला लागलंय का? खरं सांग.

ताई

१४ एप्रिल

ताई,

मला लागलेलं नाही. लंबूचा हात गेला.

२२ मार्चला, दुपारच्या जेवणाच्या आधी. चादरीचं टोक त्याच्या बाजूला दुमडलं. ते सरळ करायला त्याने बोटं पुढे नेली आणि ओल्या कापडाबरोबर हात आत ओढला गेला. त्याने छातीने पट्टी दाबली. मी बघत होतो. पट्टी हललीच नाही. तो पुन्हापुन्हा छाती आपटत होता आणि रोलर फिरत होता. मुख्य बटण भिंतीवर आहे, माझ्यापासून सात पावलांवर. सात पावलं किती लांब असतात ते मला त्या दिवशी कळलं. बटण दाबलं तोवर उजव्या हाताची दोन बोटं गेली होती आणि तळवा भाजला होता.

तो हॉस्पिटलमध्ये आहे. मी भेटायला गेलो तर चादरीचा कोपरा डाव्या हाताने चाचपत होता. म्हणाला, ‘आपलीच आहे रे. बघ, कड तिरकी गेलीय.’ मग विचारलं, ‘पट्टीचं लिहिलं होतंस ना?’ मी म्हणालो, लिहिलं होतं. तो ‘मग बास’ म्हणाला नाही. चादरीची कड पुन्हा चाचपायला लागला.

मी फिटरला जाऊन धरलं, की तू आला का नाहीस. ताई, आमचा फिटरही माझ्यासारखाच कुठून तरी लांबून आलेला आहे. त्याला येतात चाळीस शब्द. तो सकाळी वहीच्या पानावरून बोट फिरवतो आणि बॅड, ब्रोकन, स्टॉप, लीक असले चारपाच शब्द शोधतो. ते दिसले की हत्यारांची पेटी उचलतो. नाही दिसले की पुढचं पान. महिनाभर माझ्या पानावर त्याला त्यातला एकही शब्द दिसला नाही. म्हणाला, ‘मला वाटलं तुमचं मशीन आता सुधारलं.’ मला ‘बॅड’ लिहिता येत होतं. पहिल्या दिवसापासून येत होतं. मी लिहिलं नाही, कारण बोर्डावरून उतरायचं नव्हतं.

आता पुढचं ऐक. २ मेला चौकशी आहे. मुख्य कचेरीतून मोठे साहेब येणार. बाईंनी माझ्यासाठी जबाब टाइप करून ठेवलाय, मी फक्त सही करायची. मुकादमांची निवृत्ती चौकशीपर्यंत लांबवलीय. सही केली की त्यांची जागा माझी, असं बाई म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, ‘मुकादमाकडून समंजसपणाची अपेक्षा असते.’ जबाब बारा ओळींचा आहे, त्यातल्या चार मला कळतात. सोबतच्या कागदावर जसाच्या तसा उतरवलाय. यात काय आहे ते सांग. सजवू नकोस.

भिंगरी

२१ एप्रिल

भिंगरी,

जबाब वाचला. बारा ओळींपैकी अकरा कापूस आहेत. आत एक सुई आहे. सातव्या ओळीत ‘मोमेंटरी इनअटेन्शन’ आहे बघ. त्याचा अर्थ, लंबूचं क्षणभर कामात लक्ष नव्हतं. म्हणजे चूक त्याची. मग त्याचे उपचार कंपनीवर नाहीत आणि त्याला कामावर परत घेणंही कंपनीवर नाही. नवव्या ओळीत म्हटलंय की घटनेपूर्वी पट्टीबद्दल कुठलीही तक्रार नोंदलेली नव्हती. म्हणजे तू वहीत काही लिहिलंच नव्हतंस. आणि ‘रिग्रेटेबल’ तीन वेळा आलाय. एकच शब्द तीनदा. ज्याने लिहिलं त्याला घाई झालेली दिसते.

ते वाक्य तुझं नव्हतं, माझं होतं. दोन तास बसून केलं होतं मी ते. तुमच्या साहेबांना तसं पत्र लिहू का? सांग, आज टाकते.

फलक काढला. क्लासमध्ये खरं काय ते सांगितलं. तुला खुर्च्या कमी पडतात असं लिहिलं होतं ना, अकरा होते त्यातले चार उरलेत. खुर्च्या कमी पडत नाहीत, माणसं कमी पडतात. त्या चारांतली एक कपड्यांच्या दुकानात कामाला आहे, ती म्हणाली, ‘बाई, मग आम्ही काय लिहायचं?’ मी फळा पुसत राहिले. पुसायला काही नव्हतं.

सही करायची की नाही ते मी सांगणार नाही. तुला कायम व्हायचंय हे मला माहीत आहे. पहिल्या पत्रात ‘हसू नकोस’ म्हणाला होतास, मी हसले नव्हते.

ताई

१७ मे

ताई,

साहेबांना तुझं पत्र जायला नको होतं, म्हणून मी ‘लिही’ असं कळवलंच नाही. तू साहेबांना पत्र लिहिलं असतंस तर त्याचीही प्रत बोर्डावर लागली असती.

चौकशी झाली. ऑफिसातल्या लांब टेबलाच्या एका टोकाला मोठे साहेब, शेजारी चष्मेवाल्या बाई, मग मुकादम, मग मी. समोर लंबू, हाताला बोचक्याएवढं बँडेज. फिटर बाहेर बाकावर. बाईंनी जबाब माझ्यापुढे सरकवला, वर टोपण काढलेलं पेन ठेवलं.

मी म्हणालो, ‘सहीच्या आधी एक शंका आहे. भाषेची.’

बाईंचा चेहरा उजळला. भाषेची शंका विचारलेली त्यांना फार आवडते.

‘माझं ते बोर्डावरचं वाक्य,’ मी म्हणालो. ‘मी आठवीतून उठलेला माणूस. मला वाटतं ते चुकीचं असणार. तुम्हालासुद्धा त्याचा अर्थ लागला नसेल.’

ताई, हे मला तुझ्यामुळे सुचलं. ‘तुला येत नसेल’ म्हटलं की तू लहानपणापासून काहीही करून दाखवायचीस, तोंडपाठ निबंध म्हणायचीस, झाडावर चढायचीस. शिकलेल्या बायकांची एवढीच नस मला माहीत आहे.

‘मला?’ बाई म्हणाल्या. ‘अहो, काय बोलता! अगदी स्वच्छ अर्थ आहे. पट्टी दाबली तरी ती लगेच काम करत नाही. इतकं नेमकं कोणी लिहीत नाही.’

‘वाचल्या वाचल्या कळलं?’

‘वाचल्या वाचल्या! म्हणून तर दुसऱ्याच दिवशी बोर्डावर लावलं, माझ्या सहीने.’

साहेबांनी मान वर केली. ‘कोणत्या तारखेच्या सहीने?’

बाई चष्मा काढून पुसायला लागल्या. मुकादम उठून बोर्डावरचं पान काढून घेऊन आले. त्यांच्या नोकरीचे दोनच दिवस उरले होते, त्यांना कोणाची भीती? सहीची तारीख २५ फेब्रुवारी. लंबूचा हात गेला २२ मार्चला. साहेबांनी फिटरला आत बोलावलं, ते वाक्य वाचून दाखवलं आणि विचारलं, याचा अर्थ काय? फिटर घाबरून म्हणाला, ‘साहेब, बोर्डावर लावलंय, म्हणजे काहीतरी चांगलंच असणार.’

टेबलावरचं कोणी हसलं नाही. लंबू हसला. एकटाच, मोठ्याने.

मग मी जे सांगितलं ते सगळं बिनसजावटीचं. म्हणालो, यात माझीही चूक आहे. मला साधं लिहिता येत होतं, मुकादम व्हायच्या हव्यासापायी मी साधं लिहिलं नाही. पण मी लिहिलं होतं, आणि ज्यांना कळलं त्यांनी रेघ मारली, फिटरला पाठवलं नाही. लंबूचं लक्ष कामातच होतं. त्याने छातीने पट्टी दाबली, तीन वेळा. जबाबावर सही केली नाही. पेनला टोपण लावून परत दिलं.

निकाल असा. लंबूची चूक नाही असं ठरलं, उपचार कंपनी करतेय, आणि सोमवारपासून तो बसून करायच्या कामावर परत आलाय, उशांचे अभ्रे तपासतो. मुकादम चिडीचूप झाला. त्याला सांगितलं तेव्हा काय म्हणाला ते तुला लिहायला नको. मला बाईंनी सुंदर पत्र दिलंय. त्यात मी इन्व्हॅल्युएबल आहे, माझी उणीव डीपली जाणवेल आणि ३१ मेनंतर येऊ नये, असं एकाच वाक्यात आहे. कापूस आणि सुई आता माझी मलाच वेगळी करता येते, त्याबद्दल तुझे आभार. त्या दुकानातल्या मुलीला सांग, शब्द सगळे शिक, पण ज्याने पेटी उचलायची त्याला कळेल ते लिही. जमलं तर तुझ्या पाटीवर लिही, जमलं नाही तर राहू दे.

शेवटची गंमत. ऑफिसने ती वही बंद केली. असे घोळ पुन्हा होऊ नयेत म्हणून नवीन छापील वही आलीय, तिच्यात लिहायला जागाच नाही. प्रत्येक यंत्रापुढे तीन चौकोन, त्यांतल्या एकावर खूण करायची: गुड, व्हेरी गुड, एक्सलंट. तुझ्या बंद केलेल्या शब्दांपैकी दोन परत कामावर रुजू झालेत, तिसऱ्याला मात्र घेतलेलं नाही.

परवा पट्टी पुन्हा अडकली. मी वही घेऊन नुसता बघत बसलो. लंबूने ती माझ्याकडून ओढून घेतली, डाव्या हातात पेन धरलं आणि तीन चौकोनांच्या शेजारी चौथा काढला. आत काहीच लिहिलं नाही, नुसता काळा करून टाकला. फिटर सकाळी पेटी घेऊनच आला. आता रोलरवरचे सगळे लोक तसंच करतात, पण चौकोन काढायला वही लंबूकडे नेतात. त्याचा वाकडा येतो, मोठा येतो, आणि दारातून दिसतो.

भिंगरी